दिसतो, पण सापडत नाही

मृगाच्या पहिल्या सरी कोसळल्या की शेताच्या बांधावर, साचलेल्या डबक्याच्या कडेला पिवळाधमक होऊन ओरडणारा मोठा बेडूक महाराष्ट्रातल्या खेड्यात वाढलेल्या कोणालाही ओळखू येतो. एरवी हिरवट-मातकट दिसणारा नर विणीच्या दिवसांत हळद फासल्यासारखा होतो, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगतात आणि रात्रभर माद्यांना हाका मारणे चालते. भारतीय बुलफ्रॉग हे त्याचे रूढ नाव. किडे, खेकडे, उंदराची पिल्ले, दुसरे बेडूक, जे तोंडात मावेल ते तो गिळतो. शेतातली कीड खातो म्हणून त्याला शेतकऱ्याचा मित्र म्हणतात आणि ते खरेही आहे. त्याच्या तंगड्या परदेशी पाठवण्यासाठी इतके बेडूक मारले जात होते की १९८७ मध्ये भारताने ही निर्यातच बंद केली.

अंदमानात मात्र हाच बेडूक परका आहे. मुख्य भूमी आणि ही बेटे यांच्यामध्ये शेकडो किलोमीटरचा समुद्र आहे. बेडकाच्या पातळ कातडीला खारे पाणी सोसत नाही, त्यामुळे इतका समुद्र त्याला स्वतःहून ओलांडता येत नाही. महासागरात दूरवर असलेल्या बेटांवर बेडूक नसतात, याची नोंद डार्विनने १८५९ मध्येच करून ठेवली होती. म्हणजे अंदमानात हा बेडूक पोहोचला तो माणसाच्या सामानातून.

नित्य प्रकाश मोहंती आणि जॉन मीझी या संशोधकांनी, दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलनबॉश विद्यापीठातर्फे काम करताना, या बेडकाचा अंदमानातला प्रवास शोधून काढला. त्यांची पद्धत या विषयात फारशी वापरली न जाणारी होती. रात्री टॉर्च घेऊन बेडूक मोजण्याबरोबर त्यांनी गावोगावच्या लोकांना विचारले, की हा बेडूक तुमच्या गावात आहे का आणि पहिल्यांदा कधी पाहिलात? अंदमानातली बरीच वस्ती बंगाल, तमिळनाडू अशा मुख्य भूमीच्या भागांतून आलेल्या कुटुंबांची आहे. त्यातल्या अनेकांना हा बेडूक मूळ गावापासून ओळखीचा होता. त्यामुळे तो नव्याने दारात आला, तेव्हा तो त्यांच्या लक्षात आला. या आठवणी जुळवल्यावर जे चित्र उभे राहिले ते असे: बेडूक एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला आला, २००९ नंतर झपाट्याने पसरला आणि पाहणी केलेल्या ९१ ठिकाणांपैकी ५८ ठिकाणी, माणसांची वस्ती असलेल्या आठ बेटांपैकी सहा बेटांवर तो पोहोचला. मुख्य वाट होती मत्स्यबीजाची. शेततळ्यात सोडायला आणलेल्या माशांच्या पिल्लांबरोबर बेडकांची शेपटीवाली पिल्ले, म्हणजे टॅडपोल, आली. काही ठिकाणी लोकांनी बेडूक मुद्दामही सोडले.

यातली बोचणारी गोष्ट अशी, की बेडूक आल्याचे लोकांना वर्षानुवर्षे माहीत होते. कोंबडीची पिल्ले आणि तळ्यातले मासे जाऊ लागल्याची तक्रारही होती. तरीही एखादा संशोधक घरोघर जाऊन विचारीपर्यंत त्याच्या प्रसाराचे पूर्ण चित्र उभे राहिले नाही, कारण या बेटांवर कोणता नवा प्राणी उतरला हे पाहणे कोणाचेच काम नव्हते.

हा बेडूक आला म्हणून काय बिघडले, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर एका साध्या प्रयोगात मिळते. याच संशोधकांनी बुलफ्रॉगचे टॅडपोल आणि अंदमानातल्या दोन स्थानिक जातींचे टॅडपोल एकत्र ठेवले. बुलफ्रॉगची पिल्ले मांसाहारी असतात, एकमेकांनाही खातात. प्रयोगाच्या शेवटी स्थानिक जातींचे एकही पिल्लू वाचले नव्हते. पावसाळी डबकी सगळ्यांची एकच. तिथे स्थानिक बेडकांची एकेका वर्षाची वीण अशी संपत असेल, तर मोठ्या बेडकांची संख्या घटल्याचे लक्षात यायला काही वर्षे जातील आणि तोवर उशीर झालेला असेल. शिवाय मोठा झालेला बुलफ्रॉग लहान सरडे, पाली, बेडूकही खातो, हे त्याच्या पोटातले अन्न तपासून स्पष्ट झाले आहे.

यावर कायदा काय म्हणतो? वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि आक्रमक परकीय जातींची आयात, व्यापार, बाळगणे व प्रसार यांवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. हे पाऊल चांगले आणि फार उशिरा आलेले. पण त्यातली व्याख्या बघा. जी जात भारतात मूळची नाही, तीच परकीय. बुलफ्रॉग तर शंभर टक्के भारतीय. म्हणजे कोलकात्याहून मत्स्यबीजाच्या पिशवीतून अंदमानात उतरलेला बेडूक या व्याख्येत बसतच नाही. ब्रिटिशांनी शिकारीसाठी अंदमानात सोडलेल्या चितळांचीही गत तीच. चितळांनी तिथल्या जंगलातली कोवळी रोपे खाऊन तळचा थर उजाड केला, पण ते भारतीय आणि वर संरक्षित. देशाच्या सीमा राजकीय नकाशावर आखलेल्या असतात. बेटावरच्या बेडकाची सीमा किनाऱ्यापाशी संपते. कायदा करणाऱ्यांनी हा फरक लक्षात घेतला नाही, आणि जो प्राणी कायद्याच्या लेखी परका नाही त्याला शोधायला माणूस, पैसा, खाते यांपैकी काहीच मंजूर होत नाही.

शोधण्याचे महत्त्व किती, हे जगाने प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर शिकून घेतले. सुमारे ५४० चौरस किलोमीटरचे हे बेट अमेरिकेच्या ताब्यात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी सामानातून तिथे तपकिरी रंगाचा एक वृक्षसर्प आला, आपल्याकडच्या मांजऱ्या सापाच्या कुळातला. पुढची तीन दशके बेटावरचे पक्षी एकेक करून नाहीसे होत गेले. कीटकनाशके, रोगराई, असे सगळे संशय घेऊन झाले. साप हा गुन्हेगार असू शकतो हे कोणाला पटेना, कारण सापाने अख्ख्या बेटाचे पक्षी संपवल्याचे उदाहरणच नव्हते. जूली सॅव्हिज या संशोधिकेने १९८७ मध्ये पुराव्यानिशी ते दाखवले, तेव्हा जंगलातल्या बहुतेक स्थानिक पक्ष्यांचा निकाल लागलेला होता. पक्षी गेले आणि कोळ्यांची जाळी शेजारच्या बेटांच्या कैकपटीने वाढली. साप विजेच्या तारांवर चढून शेकडो वेळा वीज घालवू लागले.

ग्वामने नंतर जो धडा घेतला तो अधिक महत्त्वाचा. तिथे संशोधकांनी पाच हेक्टरचा एक तुकडा असा कुंपणबंद केला की साप आत येऊ नये की बाहेर जाऊ नये. आतल्या सापांना पकडून, खूण करून, पुन्हा तिथेच सोडले. म्हणजे आत किती साप आहेत हे नक्की ठाऊक. मग सरावलेल्या माणसांनी रात्री दिवे घेऊन शोध घेतला. एका रात्रीत त्यांना आतल्या सापांपैकी अगदी थोडेच दिसत. साप तिथेच, झाडावर, हाताच्या अंतरावर, पण पानांच्या रंगात मिसळलेले आणि निश्चल. अनुभवी माणसाला कुंपणातला साप दिसत नसेल, तर मोकळ्या जंगलात एक-दोन फेऱ्या मारून ‘साप नाही’ असा अहवाल देणाऱ्याला कितपत मानायचे? सापळ्यांनाही मर्यादा आहेत. उंदीर ठेवलेल्या सापळ्यात मोठा साप येतो. पालींवर जगणारे पिल्लू उंदराकडे ढुंकूनही बघत नाही. ग्वामच्या दक्षिण टोकाशी असलेल्या छोट्या कोकोस बेटावर जवळच्या किनाऱ्यावरून हा साप पोहोचल्याचे २०२० मध्ये उघड झाले. ग्वाममधून नाहीशी झालेली, पिंजऱ्यात वाढवलेली रेल पक्ष्यांची जात याच बेटावर पुन्हा सोडलेली होती.

आरोग्याचे सदर वाचणाऱ्यांना यातला एक तपशील ओळखीचा वाटेल. या सापाला मारायला जे औषध वापरतात ते म्हणजे पॅरासिटामॉल. मेलेल्या उंदराच्या पिल्लात फक्त ८० मिलिग्रॅम, म्हणजे ताप आल्यावर मोठी माणसे घेतात त्या ५०० च्या गोळीच्या सहाव्या हिश्श्याहून कमी. एवढ्याने सापाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता कोलमडते. ही पिल्ले विमानातून, झाडांच्या शेंड्यांत अडकतील अशा बेताने टाकली जातात. उपाय कल्पक आहे, यात शंका नाही. पण ग्वामवर हा साप आजही आहे. बेटावरून निघणारे सामान प्रशिक्षित कुत्र्यांकडून हुंगवून घेतले जाते, आणि हा खर्च कधी थांबेल हे कोणी सांगू शकत नाही.

ग्वामची गोष्ट माहीत असूनही हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावर तेच घडले, फक्त अधिक शांतपणे. ऑस्ट्रेलियाच्या या बेटावर १९८७ मध्ये बंदराच्या वस्तीजवळ कवड्या सापाची एक जात आढळली. महाराष्ट्रात घरांच्या भिंतींवर पाली शोधत फिरणाऱ्या बिनविषारी कवड्याचाच हा जवळचा नातलग. नोंद झाली, पण धावपळ झाली नाही. लहान, निरुपद्रवी साप, कोणाला काय? त्यानंतर बेटावरच्या सापसुरळ्या आणि पाली ओसरत गेल्या. जगात फक्त याच बेटावर असलेल्या जंगली सापसुरळीचे जतन करायचे ठरले, तेव्हा जेमतेम तीन हाती लागल्या आणि तिन्ही माद्या निघाल्या. त्यांतली शेवटची ३१ मे २०१४ रोजी मेली. निळ्या शेपटीची सापसुरळी आणि आणखी एक पाल वेळेत पकडल्यामुळे आज पिंजऱ्यांत आणि काही सापडलेल्या सुरक्षित बेटांवर जगत आहेत. जंगलात त्या उरल्या नाहीत. इथे साप लपून आला नव्हता. तो दिसला होता, कागदावर लिहिला गेला होता, आणि तरीही वीसेक वर्षे कोणी त्याचा अर्थ लावला नाही.

मादागास्करच्या बाबतीत प्राणी आपल्या अंगणातलाच. पावसाळ्यात दिव्याखाली किडे टिपत बसणारा, खडबडीत कातडीचा आशियाई भेक २०१४ मध्ये तिथल्या तोआमासिना या बंदराभोवती असल्याचे जगाला कळले. विचारपूस केल्यावर समजले की आसपासच्या लोकांना तो काही वर्षांपासून दिसत होता. तज्ज्ञांनी अंदाज बांधला तेव्हा भेकांची संख्या चाळीस लाखांवर गेलेली होती आणि समूळ काढून टाकणे आता शक्य नाही असा निष्कर्ष निघाला. जनुकीय तपासणीत या भेकांचे मूळ आग्नेय आशियात असल्याचे दिसले, बहुधा जहाजातल्या कंटेनरमधून आलेले. भेकाच्या कातडीतले विष हृदयाच्या पेशींमधला सोडियम-पोटॅशियमचा पंप बंद पाडते. आशियातल्या भेक खाणाऱ्या सापांमध्ये त्या पंपाच्या रचनेत छोटा बदल झालेला आहे, म्हणून ते तगतात. मादागास्करच्या प्राण्यांनी भेक कधी पाहिलाच नव्हता. त्यांची जनुके तपासली तेव्हा जवळजवळ सगळ्याच जाती या विषापुढे उघड्या असल्याचे आढळले.

हवाईत तर मूळचा एकही बेडूक नाही. तिथे १९८० च्या दशकाच्या अखेरीस रोपवाटिकेच्या कुंड्यांतून पोर्तो रिकोचा कोकी बेडूक आला. नखाएवढ्या पिल्लासारखा दिसणारा हा प्राणी अंड्यातून थेट छोटा बेडूक होऊनच बाहेर पडतो, त्याला डबकेही लागत नाही. नराचा आवाज जवळून ९० डेसिबलपर्यंत जातो, म्हणजे रात्रभर मिक्सर चालू. निदान तो ओरडतो म्हणून सापडतो तरी. आपल्या न्हाणीघराच्या मोरीत दिसणारा गांडुळासारखा वाळा साप मात्र गुपचूप जगभर पोहोचला. या जातीत फक्त माद्याच असतात आणि त्या नराशिवाय अंडी घालतात. कुंडीतल्या मातीबरोबर गेलेला एकच वाळा नव्या बेटावर वंश सुरू करायला पुरेसा आहे. तो मुख्यतः मुंग्या-वाळवीची अंडी खातो आणि त्याच्यामुळे मोठी हानी झाल्याचे दिसत नाही, म्हणून त्याच्यामागे लागण्याची गरजही नाही. आलेला प्रत्येक प्राणी संकट नसतो, पण कोणता आहे हे ठरवायला आधी तो आलाय हे तरी कळले पाहिजे.

साथरोगांच्या बाबतीत ही गोष्ट एव्हाना सगळ्यांना पटली आहे. पहिला रुग्ण लवकर सापडला तर साथ थांबवता येते, हजारावा सापडला तर फक्त आकडे मोजता येतात. त्यासाठी गावात आशा सेविका असते, प्रयोगशाळा असते, तापाच्या नोंदी वर कळवायची साखळी असते. बेटावर उतरणाऱ्या प्राण्यासाठी अशी साखळी उभारायला फार मोठी रक्कम लागत नाही. अंदमानला माल आणि माणसे मुख्यतः चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून जहाजाने जातात. मत्स्यबीजाच्या पिशव्या तिथेच, चढवण्याआधी, बारीक जाळीतून गाळून पाहता येतात. टॅडपोल काही सूक्ष्मजंतू नव्हे, उघड्या डोळ्यांना दिसतो. रोपवाटिकेची रोपे कुंडीतल्या मातीसकट पाठवण्यापेक्षा मुळे धुऊन पाठवता येतात. कोकीसाठी हवाईतल्या रोपवाटिका रोपांना ४५ अंशांच्या पाण्याची पाच मिनिटे आंघोळ घालतात. धक्क्यावर आणि शेततळ्यांच्या गावांत पावसाळ्यात ध्वनिमुद्रक टांगले तर नराच्या हाका माणसाच्या गैरहजेरीतही टिपल्या जातात. पाण्याच्या नमुन्यातून प्राण्याच्या डीएनएचे अंश शोधण्याची पद्धतही आता रूढ झाली आहे.

पण यंत्रांच्या आधी माणसे. श्री विजयपुरमच्या, म्हणजे आधीच्या पोर्ट ब्लेअरच्या, मासळी बाजारातली बाई, जेट्टीवरचा हमाल, तळे राखणारा शेतकरी यांना नवा प्राणी सगळ्यात आधी दिसतो, हे अंदमानच्या पाहणीनेच सिद्ध केले. त्यांनी फोटो पाठवावा असा एक क्रमांक आणि तो फोटो ओळखून दोन दिवसांत उत्तर देणारा एक माणूस, एवढी सुरुवात पुरे. उत्तर देणारा माणूस मात्र हवाच. त्याच्याविना ‘दिसेल तो बेडूक मारा’ अशी मोहीम सुरू झाली तर अंदमानचे स्वतःचे, जगात दुसरीकडे नसलेले बेडूकही त्यात मारले जातील. बुलफ्रॉग खाऊन संपवू, अशी सूचनाही अधूनमधून होते. ती ऐकायला आकर्षक असली तरी एकदा विक्री सुरू झाली की बेडूक टिकवण्यात आणि नव्या तळ्यांत सोडण्यात लोकांचा फायदा तयार होतो.

आणि व्याख्या बदलायला हवी. ‘भारतात मूळची नसलेली’ याऐवजी ‘त्या भूभागात मूळची नसलेली’ एवढा बदल केला तरी अंदमान, निकोबार आणि लक्षद्वीपच्या प्रशासनाला कारवाईचा आधार मिळेल. मुख्य भूमीवर बुलफ्रॉगला संरक्षण आणि बेटावर त्याच्यावर बंदी, यात विसंगती काहीच नाही. ही तरतूद आताच का हवी, याचे कारण दक्षिणेला आहे. ग्रेट निकोबार बेटावर मोठे बंदर, विमानतळ आणि नवे नगर उभारण्याच्या प्रकल्पाला २०२२ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. प्रकल्प व्हावा की नाही हा वाद वेगळा आणि तो चालू राहील. पण बांधकाम म्हटले की वाळू, लाकूड, यंत्रे, शोभेची झाडे आणि कंटेनर यांची रीघ लागणार. आज त्या बेटावर कोणते बेडूक, पाली, साप आहेत याची पक्की यादी, त्यांच्या हाकांच्या नोंदींसह, पहिले जहाज लागण्याआधी तयार असेल तरच पाच वर्षांनी ऐकू आलेला नवा आवाज नवा आहे हे सांगता येईल. ही यादी करायला दोन पावसाळे लागतात.